पाना

ट्रॉलीचा सांगाडा खाली आला तेव्हा प्रेमिला शेडच्या दारात पाणी भरत होती. आधी साखळी तुटल्याचा आवाज झाला, मग जमीन हादरली. तिचा धाकटा भाऊ गोलू ओरडलाच नाही. तो लोखंडाखाली आडवा पडला होता, डोळे उघडे, आणि एक पाय गुडघ्याच्या खाली कुठे दिसतच नव्हता.

कामठी रोडला रुपराव आणि प्रेमिलाचं हे छोटं वर्कशॉप. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या, जुन्या दुरुस्त करायच्या. चॅनल, पत्रे, चाकं, सगळं साखळीच्या चेनकुप्पीने आणि माणसांच्या खांद्यांवर उचलायचं. वेल्डिंग रुपरावचं, माल आणणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं प्रेमिलाचं. रुपराव कामाचा वाघ, पण राग आला की त्याचा हात आधी उठायचा. गोलूला मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात नेलं, पाय कापावा लागला. त्या दुपारी रुपरावने तुटलेली साखळी ऐरणीवर ठेवली आणि तो घणाने ठोकत बसला. तळहात फुटून दांड्यावरून रक्त ओघळलं तरी थांबेना.

प्रेमिलाने त्याच्या हातातून घण काढून घेतला. "आता माणसाच्या खांद्यावर लोखंड चढलं, तर मी गेटले कुलूप लावीन," ती म्हणाली. "फोर्कलिफ्ट पाहा. जुनी असली तरी चालते."

मग दोघं मशीन पाहत फिरू लागले. एकीचं इंजिन इतका धूर काढायचं की चालवणारा दिसेना. दुसरीचे ब्रेक लागत नव्हते आणि मालक हसत म्हणाला, "हळू चालवा ना मंग." असं करत करत ते शहराबाहेर वाडीच्या बाजूला, जुन्या मशिनींच्या एका यार्डात पोचले. यार्ड सौरव नावाच्या तरण्या मालकाचं. त्याने ताज्या पिवळ्या रंगाची एक फोर्कलिफ्ट दाखवली.

"काकू, डोळे झाकून घेऊन जा," तो म्हणाला.

"डोळे उघडे ठेवूनच आलो आमी," प्रेमिला म्हणाली. "वजन उचलून दाखवा. अन् वरच राहू द्या थोडा वेळ."

सौरवला ते आवडलं नाही, पण त्याने बंटीला हाक मारली. बंटी यार्डातला ड्रायव्हर, किडकिडीत पोरगा, नुकती मिसरूड फुटलेला. त्याने सिमेंटचा मोठा ठोकळा मशीनच्या पुढच्या लोखंडी काट्यांवर घेतला, वर नेला आणि खाली उतरून उभा राहिला. ठोकळा थोडा थोडा खाली सरकत होता. रुपराव वाकून तेलाचा पाइप बघू लागला.

"भाऊ, खाली नोका जाऊ," बंटी म्हणाला.

रुपरावने ऐकलं नाही. पाइप फुटला. गरम तेल उडालं आणि त्याच क्षणी बंटीने मागून कॉलर धरून त्याला असा खेचला की दोघंही उताणे पडले. ठोकळा जिथे आदळला तिथे आधी रुपरावचं डोकं होतं. काँक्रीटच्या चिपा प्रेमिलाच्या गालाला लागल्या.

 मग सौरव म्हणाला, "मशीन मोडली तुमी. आता घ्याच लागन."

रुपराव उठला आणि त्याने सरळ सौरवच्या तोंडावर ठोसा मारला. सौरवचा ओठ फाटला, तो टायरच्या ढिगावर पडला. रुपराव त्याच्या छातीवर बसून मारत राहिला. यार्डातली दोन माणसं धावली. एकाच्या हातात लोखंडी पाइप होता. पहिला फटका रुपरावच्या बरगड्यांवर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज प्रेमिलाला स्पष्ट ऐकू आला. बंटीने मागून येऊन रुपरावला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि पाइप पुन्हा वर उठला होता.

जवळच्या बाकावर मोठा पाना पडला होता. प्रेमिलाने तो उचलला आणि बंटीच्या तोंडावर हाणला.

पोरगा दोन्ही हातांनी चेहरा झाकून खाली बसला. बोटांमधून रक्त आलं. पाइपवाला माणूस पाइप टाकून मागे सरला. प्रेमिलाच्या हातातला पाना सुटत नव्हता. शेवटी शेजारच्या दुकानदाराने तिची बोटं एकेक करून उघडली.

बंटीचा डावा डोळा गेला.

दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी झाल्या. रुपरावच्या बरगड्या बांधल्या, मनगट वाकडंच जुळलं. वकिलाने प्रेमिलाला घरी बसवून सांगितलं, "पोरगा तुमच्या नवऱ्याले धरून ठेवत होता, मारायले मदत करत होता, म्हणून तुमी मारलं. एवढंच बोला."

पण प्रेमिलाला तेच माहीत नव्हतं. तो धरून ठेवत होता की सोडवत होता? ती रात्रंदिवस ते दृश्य आठवायची आणि दर वेळी वेगळंच दिसायचं.

ती डबा घेऊन मेडिकलमध्ये गेली. बंटीच्या पलंगाशी त्याची आई सिंधूताई बसली होती. प्रेमिलाने आपण कोण ते सांगितलं. सिंधूताई उठली आणि तिने प्रेमिलाच्या कानाखाली मारली. डबा फरशीवर पडून भाजी सांडली. वॉर्डातल्या बाया धावल्या.

"सोडा मले," सिंधूताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माह्या पोरानं तुह्या नवऱ्याले ओढून काढलं ना वं? मंग त्यालेच काहून मारलं?"

 प्रेमिला खाली बसून सांडलेली भाजी पदराने गोळा करू लागली. बंटी पट्टी बांधलेलं तोंड भिंतीकडे वळवून पडून राहिला.

घरी आल्यावर तिने सांगितलं की जबाब खरा देईन. रुपराव डाव्या, धड हाताने तिच्यावर धावला. "मले जेलात पाठवतं का? सोताले पाठवतं?" गोलू खाटेवरून सरकला आणि त्याने कुबडी मध्ये धरली. कुबडीवर फटका बसला. प्रेमिला जागची हलली नाही.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "या हातामुळंच झालं हे सगळं. माह्याही हातामुळं."

रुपराव भिंतीला टेकून बसला. मोडलेल्या बरगड्या धरून तो रडला तेव्हा गोलूने मान फिरवली.

प्रेमिलाने जबाब दिला: पोराने नवऱ्याचा जीव वाचवला होता, पाना मी मारला, तो काय करत होता ते मला नीट दिसलं नाही. वकिलाने हात जोडले. केस अजून चालू आहे, आणि शिक्षा होऊ शकते हे तिला ठाऊक आहे. सौरवचं यार्ड सुरूच आहे. एका डोळ्याने अंतर कळत नाही, म्हणून त्याने बंटीला कामावरून काढलं.

दिवाळीनंतर बंद पडलेल्या एका तेल मिलची फोर्कलिफ्ट त्यांना मिळाली. साधी, रंग उडालेली, पण उचललेलं वजन धरून ठेवणारी. ती प्रेमिला चालवते. वजन वर असलं की खाली कुणालाही येऊ देत नाही. एकदा रुपराव आला तर तिने मशीन बंद करून त्याला बाहेर काढलं, आणि तो दारापाशी जाऊन उभा राहिला.

तिने बंटीला निरोप धाडला होता, की वर्कशॉपात जे जमेल ते काम कर. कोर्टाच्या व्हरांड्यात तो स्वतःच तिच्याजवळ आला.

"काकू, तुमी खरं बोल्ल्या, मले समजलं," तो म्हणाला. "पण तुमच्याइथं नाही येत मी. तुमच्या हाती पाना दिसला तर मले काम नाही होणार."

तिने मान हलवली. आतून पुकारा झाला, तेव्हा तो सिंधूताईचा हात धरून डाव्या बाजूची भिंत चाचपत आत गेला.