अंगालगतचं कापड आणि आलापल्लीचा रस्ता

नाशिकहून निघताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. दोन महिने खपून मी आम्हा दोघांसाठी आतले कपडे निवडले होते. मोटारसायकलच्या जॅकेटखाली अंगालगत घालायचे, काळे, गुळगुळीत, कातडीला चिकटून बसणारे. घाम शोषून घेतात, झटकन वाळतात आणि हवा खेळती ठेवतात, असं मी जिथे जिथे वाचता येईल तिथे वाचलं होतं. माझ्या नवऱ्याने, दिलीपने, ते चढवून आरशात पाहिलं. "सर्कशीत लागल्यासारखं वाटतंय," म्हणाला आणि वरून जॅकेट घालून मोकळा झाला.

आमची मुलगी मुग्धा आलापल्लीजवळच्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. आठ महिन्यांत तिला घरी येता आलं नव्हतं, तेव्हा आपणच जावं असं ठरलं. "आई, मे महिना आहे, बसने या," असं ती तीनतीनदा बजावत होती. पण आम्ही दोघं वीस वर्षं एकाच गाडीवरून हिंडतोय. पन्नास किलोमीटर तो चालवतो, पन्नास मी. बसने जायचं म्हणजे म्हातारपण कबूल करायचं, असं मला उगाच वाटलं. मी जरा हट्टी आहे.

तिसऱ्या दिवशी यवतमाळला पंक्चरमध्ये दोन तास गेले आणि वणीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पारा पंचेचाळीसच्या आसपास असावा. चहाच्या टपरीवर मी दिलीपच्या पाठीला जॅकेटखालून हात लावून पाहिला. ठणठणीत कोरडी. "बघ, घामाचा थेंब नाही," मी विजयी मुद्रेने म्हटलं. त्याने मान हलवली, घोटभर पाणी प्यायला आणि पिशवी पाठीला लावून मागे बसला. पुढची पाळी माझी होती.

मागे बसलेला दिलीप म्हणजे अखंड चालणारा रेडिओ. ब्रेक कधी मारायचा, कोणत्या शेतात काय पेरलंय, कोणत्या पाटीवर शुद्धलेखनाची चूक आहे, सगळं मला हेल्मेटमधून ऐकू येतं. वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि हा रेडिओ बंद पडला. मला बरंच वाटलं. पुढे घुग्घुसच्या खाणींचे ट्रक सुरू झाले, कोळशाची काळी धूळ आणि भट्टीचं दार उघडावं तसा वारा. मी रस्त्यावर नजर ठेवून चालवत राहिले.

एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत शेजारी आला आणि हाताने थांबायची खूण करू लागला. मला त्याचा संशय आला. मी वेग वाढवला. त्यानेही वाढवला, पुढे गेला आणि गाडी आडवी घातली.

"ताई, थांबा. मागचे भाऊ डुलून राह्यले. पडतीन."

मी वळून पाहिलं. दिलीपचा चेहरा विटकरीसारखा लाल झाला होता आणि डोळे अर्धे मिटले होते. मी त्याला विचारलं, आपण कुठे आहोत? तो शांतपणे म्हणाला, "निफाड." निफाड आम्ही पहिल्याच दिवशी मागे टाकलं होतं.

त्या माणसाचं नाव सिद्धार्थ. कोळशाच्या खाणीत कामाला, पहिली पाळी संपवून घरी चाललेला. त्याने आणि शेजारच्या पानठेल्यावाल्याने दिलीपला उचलून कडुनिंबाखाली आडवं केलं. जॅकेट निघालं. आतला काळा कपडा मात्र निघेना. तो त्याच्या छातीवर दुसऱ्या कातडीसारखा बसला होता, आणि हात लावला तर तव्यासारखा गरम.

"काऊन इतकं कसून घातलं जी यानं?" सिद्धार्थने विचारलं. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. पानठेल्यावरची पानं कापायची कात्री घेतली आणि माझी दोन महिन्यांची निवड गळ्यापासून पोटापर्यंत उभी फाडली. मग ठेल्यावरचा माठ दिलीपच्या अंगावर ओतला, आपला दुपट्टा (इथे पुरुषांच्याही खांद्यावर असतो तो सुती पंचा) भिजवून त्याच्या डोक्याला गुंडाळला आणि ऑटो थांबवला.

दवाखान्यात सलाईन लागलं. ओल्या चादरी, पंखा, पुन्हा ओल्या चादरी. मी बाकावर बसून होते आणि मुग्धाला फोन करायची हिंमत होत नव्हती. काय सांगणार होते तिला? तुझ्या बाबांना मीच या उन्हात आणलं, आणि जे घालून आणलं तेही मीच निवडलं. दीडेक तासाने आतून आवाज आला, "गाडी कोणाच्या भरवशावर सोडून आलीस?" मी आत धावले. तो पुढे म्हणाला, "किल्ली तरी काढलीस का?" किल्ली काढली नव्हती. मी त्याचा हात धरून भर दवाखान्यात रडले. आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "आणखी अर्धा तास गाडीवर राहिले असते तर अवघड होतं. दोन दिवस आराम. आणि घाम दिसत नाही म्हणजे येत नाही असं समजू नका. इथल्या हवेत तो दिसायच्या आधीच उडून जातो. पाणी तर जातंच ना अंगातलं."

हे ऐकून मला वणीतली माझी विजयी मुद्रा आठवली.

गाडी पानठेल्यावाल्याने किल्लीसकट सांभाळली होती. लॉजवर जायचं आम्ही म्हणत होतो, पण सिद्धार्थने ऐकून घेतलं नाही. तो आणि त्याची बायको वैशाली दोन खोल्यांत राहतात. त्यातली कूलरची खोली त्यांनी आम्हाला दिली. वैशालीने आंबील (ज्वारीच्या पिठाचं आंबट, पातळ, थंड पेय) केली होती. दिलीपने दोन पेले संपवून तिसरा मागितला आणि मग रेडिओ पुन्हा लागला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली ताजी फुलं. बुद्धपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती.

संध्याकाळी सिद्धार्थने दोरीवर वाळत घातलेला आपला आतला सदरा मला दाखवला. पूर्ण बाह्यांचा, ढगळ, पातळ सुती, बगलेत सैलपणासाठी कळ्या घातलेला. गंमत म्हणजे त्याच्या सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या.

"उलटा शिवलाय?" मी विचारलं.

"उलटा नाई, बरोबर शिवला. वरून जाकीट दाबते, शिवण आत असली तर कातडी सोलून काढते."

मी माझी बाजू मांडून पाहिली. आमचे कपडे हवा खेळती ठेवतात, असं म्हटलं.

"हवाच गरम आहे ना ताई," तो म्हणाला. "गरम हवा खेळवून का करता? आंगापेक्षा हवा तपली का तिले आत येऊ द्याची नाई. येईन तर ओल्या कपड्यातून येईन. आन् मागं बसणाऱ्याले तर ती बी भेटत नाई. पुढं तुमी, मागं थैली."

दोन महिन्यांच्या वाचनात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, पण माझा जीव कापडाच्या गुळगुळीतपणावर जडला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून कोरं पांढरं सुती कापड आणलं आणि वैशालीबरोबर रफीकचाचांकडे गेले. खाणीवर गाडीने जाणाऱ्यांचे सदरे तेच शिवतात. सत्तरीचे असतील, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी कापड चिमटीत धरलं, पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून एक थेंब त्यावर सोडला. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला.

"देखो बाई," चाचा म्हणाले, "हे पाणी पिऊनच नाई राह्यलं. नव्या कपड्यात खळ असते. मी नवा कपडा शिवत नाई. जुना आना, धुऊन धुऊन नरम झालेला."

"नवं धुऊन चालणार नाही?"

"चालते ना. दोन साल धुवा, मग आना."

ते अजिबात हसत नव्हते. घुग्घुसमध्ये ही रीतच आहे. पाळीवर जाणारा माणूस आईचं किंवा बायकोचं जुनं लुगडं घेऊनच चाचांच्या दुकानाची पायरी चढतो. मी मात्र नाशिकच्या घरापासून शेकडो किलोमीटरवर होते. मी वैशालीकडे पाहिलं. ती घरी गेली आणि एक पांढरी सुती साडी घेऊन आली. धुऊन धुऊन मऊ झालेली, काठाचा निळा रंग जवळजवळ गेलेला.

"बारा वर्सं नेसली पौर्णिमेले, वंदनेले जाताना," ती म्हणाली. "आता विरली. यंदा नवी घेतली मी."

मी नको नको म्हणत होते. तिने चाचांच्या हातात साडी दिलीसुद्धा. चाचांनी थेंब सोडला. तो पडला तसा नाहीसा झाला.

तिसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. अंगात वैशालीच्या साडीचे, ओले करून घट्ट पिळलेले सदरे. सिद्धार्थचा नियम होता, टपकलं नाही पाहिजे. वर जॅकेट, त्याच्या हवा येण्याच्या जाळ्या निम्म्या झाकलेल्या, गळ्याभोवती ओला दुपट्टा, आणि पिशवी दिलीपच्या पाठीवरून उतरवून मागच्या कॅरियरला बांधलेली. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या डावीकडे धुरकटलेल्या दिसल्या, चंद्रपूरच्या जुन्या वेशीतून बाहेर पडलो आणि मूलच्या रस्त्याला जंगल लागलं. साग निष्पर्ण उभा होता, मोहाला मात्र तांबूस कोवळी पालवी. ओल्या कापडातून येणारा वारा असा गार लागत होता की मला खरंच हुडहुडी भरली. मे महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्यात!

सावली गावाच्या पुढे हातपंपावर सदरे पुन्हा भिजवायला थांबलो. तेंदूची पानं तोडून परतणाऱ्या चार बायका तिथे पाणी पीत होत्या. डोक्यावर पानांची गाठोडी, आणि साडीवरून प्रत्येकीने घरातल्या पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा सुती शर्ट घातलेला. "जोहार," आम्ही म्हटलं. त्यांनीही जोहार केला. दिलीपने जॅकेट उघडून भिजलेला सदरा दाखवला तशी त्यातली थोरली म्हणाली, "आता बरोबर हाये. पण धा वाजाच्या आत सावली पकडा, भाऊ."

आम्ही ऐकलं. वैनगंगा ओलांडून गडचिरोली, मग चामोर्शी. तिथे एका आमराईत साडेचारपर्यंत लोळून काढलं, आणि उन्हं कलल्यावर आलापल्लीच्या रानात शिरलो. दिवेलागणीला मुग्धाच्या क्वार्टरसमोर गाडी थांबवली. तिने बाबांना मिठी मारायच्या आधी मनगट धरून नाडी पाहिली. तिला मी घुग्घुसहून फोनवर सगळं सांगितलं होतं. मला ती दोन दिवस टोचून बोलली, तिसऱ्या दिवशी तिने माझ्या केसांना तेल लावून दिलं.

परतीच्या आदल्या दिवशी वळवाची सर आली आणि हवा दमट झाली. सुती सदरा वाळेना, अंगाला चिकटून काखेत काचायला लागला. मी पिशवीतून माझा काळा कपडा काढला. तो मला नीट मापाचा होता, आणि त्या हवेत खरोखर उत्तम चालला. म्हणजे कापड वाईट नव्हतं. कोरड्या भट्टीत, एक माप लहान, आणि मागे बसलेल्या माणसावर, तिथे ते वाईट होतं.

दिलीपचं माप मी तक्त्यावरून घेतलं होतं. परतताना आष्टीच्या पुलावर थांबलो असताना मी त्याला विचारलं, "तुला ते पहिल्या दिवसापासून घट्ट होत होतं ना?"

"नाशिकमध्येच झालं होतं. वणीला तर श्वास लागत होता."

"मग बोलला का नाहीस? एरवी तर तोंड बंद नसतं तुझं."

"दोन महिने शोधत होतीस," तो म्हणाला. "रोज मला दाखवायचीस. म्हटलं, कशाला तुझा विरस."

मला त्याचा भयंकर राग आला. मग लक्षात आलं की मीही त्याला विचारलं नव्हतं. पाठीला हात लावला होता तो कापड तपासायला.

नाशिकला परत आल्यावर ओळखीचे मोटारसायकलवाले विचारतात, उन्हाळ्यात आत काय घालायचं? मी सांगते. कोरड्या उन्हात जुनं सुती, ढगळ, भिजवलेलं, शिवणी बाहेर. दमट हवेत दुसरं. ते ऐकून घेतात आणि गुळगुळीत कपडेच घेतात. घेऊ देत.

आम्ही निघतो तेव्हा मात्र मी गाडी सुरू करण्याआधी दिलीपच्या कॉलरमधून हात घालून पाठीवर पार मधोमध नेते. सोसायटीतले लोक बघतात, वॉचमन तोंड फिरवतो. मी विचारते, "काचतंय का कुठे?" तो म्हणतो, नाही. मी हात तसाच ठेवून पुन्हा विचारते, आणि दुसऱ्यांदा तो खरं सांगतो.