बुद्धरत्नाचा दुसरा सदरा

वास येतो म्हणे. माझ्या बुद्धरत्नाला.

म्हणणारा कोण, तर त्याच्या पतसंस्थेतला शरद साहेब. गाडीतून उतरायचं नि पंख्याखाली बसायचं, त्याला घाम काय ठावा? आमची वाडी सव गावाच्या पलीकडं, तिथून महाड आठ किलोमीटर. सकाळची एसटी बंद केली मेल्यांनी, तवापासून माझा लेक सायकल मारतो. पाच वर्षं पतसंस्थेच्या खिडकीवर बसतोय. आमच्या वाडीतल्या बायांचे फॉर्म तोच भरून देतो, कुणावर खेकसत नाय. आणि साहेब म्हणतो, वास गेला नाय तर खिडकी सोड, मागच्या फायलींच्या खोलीत बस.

बुद्धरत्न माझा गरीब गाय. म्हणाला, "आये, बरोबर बोलतात ते. मीच काहीतरी करतो."

मग मी रोज दुसरा सदरा इस्त्री करून द्यायची. हा अंगातल्या सदऱ्यावर सायकल मारायचा, ऑफिसच्या नळावर अंग पुसून दुसरा चढवायचा. आठ दिवसांत साहेबानं नळाच्या मोरीला कुलूप घातलं. पाणी कमी पडतं म्हणे. महाडात राहून आमाला पाण्याला नाय म्हणतो, लाज कशी वाटत नाय?

तरी माझा लेक सवच्या गरम कुंडावर अंघोळ करून जायला लागला. कढत पाण्यानं न्हाऊन सायकलवर बसलं की घाम थांबतो होय? उलट जास्त निथळायचा. सांगून थकले, पण ऐकेल तर शपथ.

सोमवारी सायकल पंक्चर झाली. वाडीतल्या जानूच्या रिक्षातून गेला, इस्त्रीची घडी न मोडता. अंगावर घामाचा थेंब नाय. साहेबानं नाकाला रुमाल लावला नि म्हणाला, "आजपण येतोय."

घरी येऊन एवढंच सांगितलं नि भिंतीला टेकून बसला. मला आधी रडू आलं, मग असा राग आला की जेवण गेलं नाय.

मंगळवारी त्यानं पिशवीसाठी हात पुढं केला. मी दुसरा सदरा दिलाच नाय. म्हटलं, "अंगातल्या सदऱ्यावरच खिडकीवर बस. आज साहेबाला म्हणावं, हात लावून सांग, वास कसला तो."

"आणि खिडकी गेली तर?"

"जाऊ दे. पण सगळ्यांसमोर बोलू दे त्याला."

पंक्चर काढलेल्या सायकलवरून, कुंडावर न थांबता गेला. साहेबानं रुमाल काढला तेव्हा यानं भरल्या रांगेदेखत विचारलं, "कसला वास येतो, साहेब?" साहेबानं रुमाल खिशात कोंबला नि आत निघून गेला.

संध्याकाळी सदरा धुवायला घेतला. पाठीवर मिठाचे पांढरे डाग होते. दिवसभर खिडकीवर, त्याच्या अंगावरच सुकला होता.