श्वास रोखून कापड कापणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापतात. उभं आयुष्य कापायच्या टेबलाशी गेलं. अलीकडे मात्र दुपारनंतर त्यांचं डोकं जड व्हायचं. एकदा त्यांनी सगळ्या बाह्या एकाच बाजूच्या कापल्या, अख्खा गठ्ठा वाया. मालकीण ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "महिनाभर बघू. नाहीतर तुम्ही बटणं लावा."

बटणं लावायला बसणं म्हणजे वन्संच्या लेखी अडगळीत पडणं.

डॉक्टरांना रक्तदाब वाढलेला आढळला. त्यांनी गोळी दिली आणि म्हणाले, "नुसतं उभं राहणं हा व्यायाम नव्हे. रोज थोडं वजन उचला. त्याने रक्तवाहिन्या लवचिक राहायला मदत होते, मेंदूला रक्त नीट पोहोचतं."

"वजन हातात आणि रक्त डोक्यात? मधे नळ बसवलाय का?" वन्सं कुरकुरल्या, पण व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊ लागल्या. दिवसभर उभं राहून आल्यावर पुन्हा वजन घेऊन उठाबशा! बघूनच माझे पाय दुखायचे.

आणि झालं भलतंच. वजन उचललं की वन्संना भोवळ यायची. शेवटी बाई अगदी समोर बसून बघत राहिल्या.

"आजी, श्वास का रोखता?"

"आजी कुणाला म्हणतेस गं? आणि तोंडात टाचण्या असताना श्वास कसा सोडू?"

तोंडात एकही टाचणी नव्हती. पण कापताना टाचण्या ओठांत धरायच्या आणि कात्री टोकाला पोहोचेपर्यंत श्वास रोखायचा, हीच सवय वजन उचलतानाही सुटत नव्हती.

बाई म्हणाल्या, "श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो आणि मग घसरतो. तेवढ्यापुरतं मेंदूला रक्त कमी पडतं. उचलताना मोठ्याने काहीतरी बोला."

वन्सं देवाचं नाव घेऊ लागल्या. मी म्हटलं, "हळू घ्या, देवाला ऐकू येतं."

"त्याला येतं गं. गुडघ्यांना येत नाही."

भोवळ थांबली. डोकं लख्ख झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. बाईंच्या मते त्याला बरेच महिने लागतात, आणि खात्री कुणीच देत नाही. गोळी म्हणा, व्यायाम म्हणा की देवाची दया, सकाळी काप चुकत नाही. दुपारी अजून चुकतो. महिना संपला तसं मालकिणीने ठरवलं, सकाळी कापायचं, दुपारी बटणं.

त्या संध्याकाळी वन्सं चपला न काढताच बसल्या. "अर्धं टेबल गेलं गं."

"अर्धं राहिलं ना?"

"राहिलं. पण डोळ्यांना गेलेलंच दिसतं."

पाणी प्यायल्या, आणि व्यायामाची वेळ झाली म्हणून तशाच उठल्या.