हिलाल दातवाला गप्प बसला तेव्हा

चोपड्याच्या बाजारात गूळ, मिरची आणि बैलांच्या घुंगरमाळा यांच्या मधोमध हिलाल बसत असे. पुढ्यात लाल फडकं, फडक्यावर दातांचा ढीग. हीच त्याची पाटी. निम्म्या तालुक्याच्या दाढा त्या ढिगात होत्या, आणि काही जुनी गिऱ्हाइकं आपली दाढ जागेवर आहे ना, हे दर बाजारी वाकून पाहून जात. हरवली असती तर त्यांनी हिलालला धरलं असतं.

जातीनं तो न्हावी. वस्तरा सोडून त्यानं दात उपटायचा जंबूर धरला, हा मात्र त्याच्या आयुष्यातला मोठा घाटा झाला. कारण हिलालला बोलायचं वेड होतं. हजामत करताना माणूस हुंकार देतो, उलट दोन गोष्टी सांगतो. दात काढताना गिऱ्हाइकाच्या तोंडात हिलालची दोन बोटं आणि एक जंबूर. हिलाल पावसापाण्यापासून सुरू करून कलेक्टरसाहेबाच्या घोडीपर्यंत जाई, आणि समोरचा बिचारा "आँ आँ" करी. त्या "आँ"ला हिलाल होकार समजे. तोंड मोकळं झालं की गिऱ्हाईक गालाला पटका लावून पळत सुटे. वीस वर्षं हिलाल असाच बोलत आला, आणि त्याला एक धड उत्तर मिळालं नाही.

बाजाराबाहेर तर त्याहून वाईट. दातवाला समोरून आला की माणसं नकळत ओठ मिटत. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राही. शेव खाताना दाढेचा माणूस जवळ नको, एवढंच कारण. वैर कुणाचंच नव्हतं. बायको झुंबरबाई मानमोडीच्या साथीत गेली, त्याला दहा वर्षं होत आली होती. ती उलट उत्तरं द्यायची, आणि फार द्यायची. तिच्यामागं घरात चूल, घागर आणि हिलाल. तो घागरीशी बोलतो असं शेजारच्या बेबाबाई सांगत. "घागर तरी पुरतं आयकी लेस," असं त्यावर हिलालचं म्हणणं.

त्याच्या धंद्यातला दुसरा माणूस नथ्थू, डफवाला. जंबूर लागला की नथ्थूनं डफ बडवायचा, म्हणजे बसलेल्याची किंकाळी पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू जात नाही. ही रीत जुन्या दातवाल्यांपासूनची. डफ वाजला की अर्धा बाजार आपापली जीभ आपापल्या दाढेवरून फिरवून घेई.

एका बाजारी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून वेस्ता नावाचा माणूस बैलगाडीतून आपल्या भावाला घेऊन आला. भाऊ भुरा. वय तिशीचं, अंगानं दांडगा, पण जन्मापासून अबोल. गलका झाला की कान झाकून घ्यायचा, कुणी हात लावला की बिथरायचा. आता त्याचा उजवा गाल नारळाएवढा सुजला होता, आणि दोन्ही हात बैलाच्या कासऱ्यानं बांधलेले होते.

"चार दिन व्हयनात, पेजबी पेत नही," वेस्ता म्हणाला. "भगत व्हयना, वैद व्हयना. असाच ऱ्हायना ते मरी जाई. आम्ही धरतस, तू काढ."

चौघांनी धरलं. हिलालनं भुराच्या तोंडात बोटं घातली, आणि इमानी नथ्थूनं वीस वर्षांच्या सवयीनं कानाजवळ डफावर थाप मारली.

भुरानं हिलालचं बोट हाडापर्यंत चावलं.

बाजार हसला. दात काढणाऱ्याला दातांनीच धरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "हिलालभाऊ," नथ्थू म्हणाला, "आज पयलांदाव गिऱ्हाइकनी तुन्हं काढं."

हिलालनं बोटाला चिंधी बांधली. भुरा गाडीखाली शिरला होता, आणि बांधलेल्या हातांनी कान झाकता येत नाहीत म्हणून डोकं चाकावर घासत होता. हिलाल गाडीखाली वाकला. मग म्हणाला, "बांधेल माणूस तोंड कसाले उघाडी? सोड त्याले. मन्हा घर ऱ्हाऊ दे. पुढला बाजारले ये."

"तुले तरास दी तो. कोनासंगे बोलत नही."

"मी बोलसू ना दोन्ही जणेस्ना वाटानं."

वेस्ता कापूस वेचायचा टाकून आला होता. त्यानं कासरा सोडला, भुराला हिलालच्या ओट्यावर बसवलं आणि गाडी परत नेली.

दहा वर्षांत पहिल्यांदा घरात दुसरं माणूस आलं होतं. हिलालनं दोन दिवस तोंडाचा पट्टा सोडला. हळद-अळशीचं पोटीस करताना पोटिसाची महती, पाणी देताना विहिरीची कुळकथा. हा बघा, पळून न जाणारा श्रोता! पण हिलाल जितका बोले, तितका भुरा मागं सरके. तिसऱ्या दिवशी तो ओट्याच्या टोकाला, कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसला होता. त्याच्या मागं आणखी जागा असती तर तो तिथंही गेला असता.

तेव्हा हिलालच्या ध्यानात आलं. डफ नथ्थूच्या हातात होता, तसा दुसरा एक डफ त्याच्या स्वतःच्या तोंडात होता.

त्या दिवसापासून हिलाल गप्प बसला. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण त्याला ते किती जड गेलं असेल ते त्यालाच ठाऊक. बेबाबाईंना वाटलं हा आजारी पडला. त्या काढा घेऊन आल्या. हिलालनं ओठावर बोट ठेवलं. काढा तिथंच ठेवून त्या उलट्या पावली गेल्या आणि बायाबायांना सांगत साऱ्या गल्लीत फिरल्या.

हिलाल भुरासमोर हातभर अंतरावर बसला आणि त्यानं स्वतःचंच तोंड उघडलं. नुसतं उघडलं आणि वाट पाहिली. पहिल्या खेपेला भुरानं मान फिरवली. दुसऱ्या खेपेला डोकावून पाहिलं. मग बोट घालून हिलालचे दात एकेक चाचपले, जसे बाजारात बैलाचे पाहतात. हिलालनं जंबूर त्याच्या हातात दिला. भुरानं तो वास घेऊन पाहिला, हिलालच्या पुढच्या दातावर टक टक वाजवला आणि ऐकला. आवाज त्याला पसंत पडला असावा, कारण त्यानं तो वीसेक वेळा वाजवला. हिलालनं तेवढं सोसलं. आजवर दुसऱ्यांना जे दिलं, त्यातलं थोडं परत आलं म्हणा.

चौथ्या दिवशी सकाळी भुरानं आपणहून तोंड उघडलं. हिलालनं लवंगेचं तेल लावलं, दाढ हलवून पाहिली. दाढ निघण्याजोगी होती.

आणि हिलालनं ती काढली नाही.

बाजाराला अजून तीन दिवस होते. दाढ निघाली की भुरा बरा होणार, बरा झाला की जाणार. उद्या काढू, असं हिलाल मनाशी म्हणाला, आणि त्यानं दोन पानं वाढली.

दुपारी भुराला कळ आली. तो ओट्याच्या खांबावर कपाळ आपटू लागला, एका तालात, तोंडातून आवाज न काढता. हिलालनं धावत जाऊन मध्ये आपला तळहात धरला. किती तरी वेळ ते कपाळ त्याच्या तळहातावर आपटत होतं. हात सुजला. आपण उद्यावर का ढकललं, ते हिलालला पुरतं ठाऊक होतं, म्हणून त्यानं हात काढला नाही.

कळ ओसरताच तो भुरासमोर बसला. आधी स्वतःचं तोंड उघडलं आणि भुराचं बोट आपल्या दाढेवर ठेवून दिलं. मग जंबूर भुराच्या तोंडात. भुराचं बोट दाबलं गेलं की हिलाल थांबे, ढिलं झालं की पुढं सरके. तो तीनदा थांबला. चौथ्यांदा दाढ आली. ना दोर, ना डफ, ना एक शब्द. दोघं तोंडं उघडी टाकून एकमेकांकडे पाहत बसलेले, हे बेबाबाईंनी खिडकीतून पाहिलं, आणि पुढं आयुष्यभर सांगितलं.

उरलेले दिवस भुरा भाकरी कुस्करून खाई, आणि दर सकाळी हिलालसमोर येऊन बसे. आधी याचं तोंड, मग त्याचं. बाजारी वेस्ता आला, टोपलीभर चारोळी देऊन भावाला घेऊन गेला. हिलालनं ती दाढ ढिगात टाकली नाही; भुराच्या मुठीत दिली. गाडी वळेपर्यंत भुरानं मागं पाहिलं नाही. तो मुठीकडे पाहत होता.

त्यानंतर ज्यांना कुणी धरू शकत नाही अशी माणसं हिलालच्या ओट्यावर येऊ लागली: कुणाची भ्रमिष्ट बहीण, कुणाचा बहिरा-आंधळा बाप. त्यांच्याशी हिलाल गप्प बसे. आली, बरी झाली, गेली. बाजारात मात्र नथ्थूचा डफ आणि हिलालची बडबड पूर्वीसारखी चालू राहिली.

वर्षानं वेस्ता एकटाच आला. हिलालनं विचारलं, "भुरा कसा शे?"

"बेस शे. भाकरी बठ्ठी खास, आमले उरू देत नही."

"मन्ही याद करस का?"

"ते तो कसं सांगी, आबा? पन कोनी सामने बसना का त्यान्हं तोंड उघाडीसन मझार देखस. मंग आपलं उघाडस. आख्खा पाडा आते तोंड उघाडीसन बसस."

वेस्ता हसला, मीठ-मिरची घ्यायला निघून गेला.

हे सारं मला ठाऊक आहे, कारण त्याच वेळी फडक्यासमोर मी बसलो होतो. हिलालनं माझ्या तोंडात बोटं घातली आणि भुराची हकीकत पहिल्यापासून सांगितली. मला पुष्कळ विचारायचं होतं. पाड्यावर तू जात का नाहीस, हे तर विचारायचंच होतं. माझ्याकडून "आँ" एवढंच निघालं. हिलालनं मान हलवली आणि पुढं सांगू लागला. मग नथ्थूनं डफ वाजवला.

तोंड मोकळं झालं तेव्हा माझ्या जागी दुसरा येऊन बसला होता. मी गालाला पटका लावला आणि घरी गेलो.