पिक्चरवरचं भाऊचं मत

काहीही विचारलं की भाऊ आधी चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, पुन्हा चढवायचा आणि म्हणायचा, "दोन्ही बाजू बघू." प्रश्न काश्मीरचा असो की जेवायला भेंडी करायची की बटाटा, उत्तर दोन्ही बाजूंनी यायचं. एकदा तो भेंडीच्या विरोधातल्या मुद्द्यांपर्यंत पोचेस्तोवर सलीमने बटाटे चिरून फोडणीलाही टाकले होते. स्पर्धा परीक्षेच्या मागे लागलेला असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

मी, अकोल्याचा सलीम आणि तो, असे आम्ही तिघे नोएडाच्या एका नव्या सोसायटीत राहायचो. फ्लॅटचे मालक मराठीच. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे यायला ते तयार नव्हते, म्हणून जागा आम्हाला मिळाली. समोरच्या इमारतींना अजून खिडक्या बसल्या नव्हत्या, पण केबलवाला पोचला होता. देशात नवं आर्थिक धोरण आलं होतं आणि त्याचे फायदे-तोटे आम्हाला तोंडपाठ होते. भाऊ परांड्याकडचा, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. म्हणूनच तो आमचा भाऊ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवून हकीकत रंगवण्याचा मला हक्क नाही. भाऊचे परीक्षेला बसायचे सगळे प्रयत्न संपले होते, आणि घरी त्याने निवड झाल्याचं कळवलं होतं. गावात तो साहेब झाला होता. इथे तो रोज सकाळी आमच्या शेजारी बसून अग्रलेखाखाली रेघा मारायचा. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दिसत मात्र सगळं होतं. पोस्टमनच्या वेळेला तो जिन्याखाली जाऊन उभा राहायचा. घरचं पत्र आलं की न फोडता खिशात घालायचा आणि त्या दिवशी आमच्यात जेवायला बसायचा नाही. आम्ही परीक्षेचे फॉर्म भरले तेव्हा "माझा कालच पोस्टात टाकला" म्हणाला. एकदा सरोजिनी नगरच्या स्टुडिओत जाऊन कोट-टायमधला फोटो काढून आला. कोट स्टुडिओचाच होता.

"इंटरव्ह्यूची तयारी वाटतं, भाऊ?" मी विचारलं.

"बिल्कुल," तो म्हणाला आणि फोटो लगेच पाकिटात घातला. आम्ही हसलो. त्याला हसायची आम्हाला सवयच लागली होती.

रविवारी दुपारी केबलवाला पिक्चर लावायचा. पिक्चर संपला की प्रत्येकाने त्यावर मत द्यायचं, तेही मुलाखतीसारखं. एकाने खुर्चीवर बसायचं, दोघांनी 'बोर्ड' होऊन पलंगावर. बोर्डाने प्रश्न विचारायचे आणि मार्क द्यायचे. करमणूकसुद्धा वाया जाऊ नये, अशी आमची शिस्त होती.

त्या रविवारी चष्मेवाल्या, पुस्तकी पोरांचा एक विनोदी सिनेमा लागला. त्यातला एक नापास होतो, घरी मात्र पहिला आलो म्हणून कळवतो, आणि ते निभावताना दोस्तांची तारांबळ उडते. शेवटी बाप त्याला जवळ घेतो, मग गाणं. सलीम हसून हसून पलंगावरून घसरला. "एकदम टाइमपास, यार, पण शेवट लांबवलाय," असं मत त्याने दिलं. मी शिक्षणपद्धतीवर भाष्य वगैरे काहीतरी बोललो.

मग भाऊ खुर्चीवर बसला. त्याने चष्मा काढला नाही.

"विनोद चांगला आहे," तो म्हणाला. "पण असा पोरगा एवढी धावपळ करत नाही. तो गप्प होतो. रोज उठला की वाटतं, आज कळणार. नाही कळलं तरी बरं वाटत नाही. बाप ओरडेल याची भीती नसतेच. बाप गावभर सांगून बसलेला असतो, त्याची असते."

"अच्छा. मग शेवट काय हवा होता?" सलीमने बोर्डाच्या आवाजात विचारलं.

"बाप यायच्या आत तो निघून जाईल. तेच खरं वाटेल."

हा सिनेमाबद्दल बोलत नाही, असं मला वाटून गेलं, हे मी नाकारत नाही. पण मी बोर्ड होतो. "आशय उत्तम," मी म्हणालो, "समतोल जरा कमी पडला." आणि आम्ही त्याला आजवरचे सगळ्यांत जास्त मार्क दिले. "थँक यू, सर," म्हणून तो चहा टाकायला उठला.

मंगळवारी त्याने आपल्या सगळ्या नोट्स आमच्यापुढे ठेवल्या. "घ्या, वाटून घ्या. माझं पाठ आहे आता." परीक्षेच्या तोंडावर कोणी आपल्या नोट्स देत नाही, हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी आम्ही त्यांच्यावर तुटून पडलो. इतिहास सलीमने पटकावला, भूगोल मी. भाऊ दारात उभा राहून बघत होता आणि मी पानं क्रमाने लावत होतो. याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी सकाळी "गावाला जाऊन येतो" म्हणून तो लहानशी बॅग घेऊन गेला.

शनिवारी सकाळी दार वाजलं. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ, हातात लाडवांचा डबा. "साहेब आहेत का? मी त्याचा बाप. ट्रेनिंगमुळं सुट्टी मिळंना म्हणतोय, तर म्हणलं आपणच न्यावं. गावानं सत्कार ठेवलाय."

"कसलं ट्रेनिंग, काका? तो तर गुरुवारीच गावाला गेला," मी बोलून गेलो.

"गावाला? शनिवारी येतोय म्हणून मी त्याला पत्र टाकलं होतं की." आणि मग ते थांबले. माझ्याकडे बघितलं, सलीमकडे बघितलं, पलंगावर पसरलेल्या पुस्तकांकडे बघितलं, आणि सावकाश खुर्चीवर बसले.

भाऊ पुढे कुणालाच सापडला नाही. पोलिसांत तक्रार केली, स्टेशनं पालथी घातली, त्याच्या वडिलांना घेऊन पहाडगंजची हॉटेलं हिंडलो. आता मीही सरकारी नोकरीत म्हातारा होत आलो. तरी त्या सकाळचं त्यांच्याशी झालेलं बोलणं मला अजून सुटत नाही.

"तुमच्यापाशी काही बोलला का तो?" त्यांनी विचारलं होतं.

"रविवारी बोलला. एका पिक्चरबद्दल." आणि मी त्यांना भाऊचं मत जसंच्या तसं सांगितलं. बाप यायच्या आत, इथपर्यंत.

ते बराच वेळ डब्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिले. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"चांगलं बोललास म्हणालो, काका."

"चांगलंच बोलतो तो," ते म्हणाले.