टेबलाची खालची बाजू

आमचे हे सुतार आणि धाकटे भाऊजी पॉलिशवाले. एकाच शेडमध्ये दोघांचं काम. ह्यांनी घाम गाळून कपाट उभं करायचं, मग भाऊजींनी त्यावर लॅकरचे हात चढवायचे, आणि गिऱ्हाईक आलं की कपाटावरून बोटं फिरवून म्हणायचं, काय चकाकतंय. म्हणजे कौतुक भाऊजींचं. त्यावरून ह्यांच्या पोटात जे दुखतं, त्यावर औषध नाही. सख्ख्या भावाला पाण्यात पाहतात. लॅकर म्हणजे नुसती वरची रंगरंगोटी, असं म्हणतात आणि राग काढतात माझ्या भांड्यांवर.

थोरल्या नणंदबाईंनी ह्या दोघांना लहानाचं मोठं केलं. त्यांनी एकदा तरी आपल्या कामाला चांगलं म्हणावं, एवढीच ह्यांची आस. त्यांचं जेवणाचं टेबल करायला घेतलं तेव्हा ह्यांनी जीव ओतला. एक खिळा नाही, नुसते सांधे. ते कोऱ्या लाकडातच दिसावेत, म्हणून भाऊजींना बजावलं, की वरून काय ते चोपड, खालच्या बाजूला बोटही लावायचं नाही.

भाऊजींनी परोपरीनं समजावलं. लॅकर काही मिरवायला नसतं, ते ओल अडवतं. वरून बंद आणि खालून उघडं लाकूड एकाच अंगानं ओल पितं आणि वाकतं. ह्यांना वाटलं, ह्याला आता खालीही मिरवायचंय. मी मध्ये पडले तर मलाच फितूर ठरवलं.

टेबल पोचलं. हे सांधे दाखवायला गुडघ्यांवर बसले, पण नणंदबाईंची कंबर धरलेली, त्या कशाला वाकतात? वरून हात फिरवून म्हणाल्या, धाकट्यानं अगदी आरसा केलाय.

पुढे हवा दमट झाली आणि फळीनं बाक घेतला. तिच्या ओढीनं एक सांधा नख जाईल एवढा उघडला. नणंदबाईंनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. ह्या वेळी मात्र त्या चष्मा लावून वाकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या ह्यांचा सांधा बघत होत्या. ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"ताई, दादाचं काम चोख होतं," भाऊजी म्हणाले. "खालून लॅकर मी दिलं नाही. चूक माझी."

नणंदबाईंनी भाऊजींच्या पाठीवरून हात फिरवला. केवढं मन ह्याचं, म्हणाल्या.

 घरी येईपर्यंत मला वाटत होतं, हे विरघळले. दारात चपला काढता काढता म्हणाले, "बघितलंस? चूक माझी होती. तीसुद्धा त्यानंच पळवली."