घंटा लपवणाऱ्यांची नावं

कार्डिफला मास्टर्स करत होतो तेव्हा शेजारच्या खोलीत एक ग्रीक मुलगी राहायची. आमचा वर्गही एकच. किचनमध्ये भांडी घासताना ती गावाची गोष्ट सांगायची. महायुद्धात जर्मन सैनिक चर्चची घंटा वितळवायला नेणार हे कळल्यावर बायकांनी ती उतरवून खळ्यात पुरली. सैनिकांनी अठरा माणसं मारली, तरी कुणी जागा दाखवली नाही. दरवर्षी अख्खं गाव ती अठरा नावं म्हणतं. तीही म्हणायची, फेसाळ हातांनी, कागदाशिवाय.

मला तिचा हेवा वाटायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मला आजोबांच्या मागचं नावही ठाऊक नव्हतं. पितृपक्षात वडील सगळ्या पितरांचा म्हणून एकच घास कावळ्याला ठेवत.

मग सेमिनारमध्ये प्रत्येकाला आपल्या गावाबद्दल बोलायचं होतं. तिचं ऐकून वर्ग गप्प झाला. तशी शांतता मलाही हवी होती, म्हणून मी सांगून टाकलं, माझ्या पणजोबांनी इंग्रजांच्या भीतीनं देवळातली घंटा विहिरीत लपवली होती.

पंधरा दिवसांनी, त्यांच्या मृतांच्या शनिवारी, म्हणजे आपल्या सर्वपित्रीसारख्या दिवशी, तिनं गहू शिजवून त्यात साखर, बेदाणे घातले आणि मला हाक मारली.

"पणजोबांचं नाव सांग. आमच्यांबरोबर त्यांचंही घेते."

कुठलंही नाव सांगता आलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "आणि घंटेचं... ते खोटं होतं."

"म्हणजे जर्मनांना जमलं नाही ते तू केलंस," ती म्हणाली. "आमची घंटा पळवलीस." ती हसली नाही. "घरी विचार. निदान नाव तरी खरं आण."

फोन कार्डावरून वडिलांना विचारलं. "अरे, कॉलेजवाले पणजोबासुद्धा विचारतात का?" ते म्हणाले. त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी आत्याला विचारलं आणि पुढच्या रविवारी मला नाव मिळालं.

"आणि ते काय करायचे?"

"इंग्रज साहेबाचा तळ पडला की घोड्यांना गवत कापून द्यायचे. दुसरं काय करणार?"

मी तिला हेही सांगितलं.

"सैनिकांच्या घोड्यांना चारा देणारे आमच्याकडेही होते," ती म्हणाली. "त्यांची नावं आम्ही घेत नाही." तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "ते तुझे आहेत. तू घे."

मी घेतलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा घेतलं. तिच्या माणसांसाठी अख्खं गाव उभं राहायचं, माझ्या पणजोबांचं नाव ऐकायला ती एकटीच होती. हेवा काही गेला नाही. पण तिनं विचारलं, "आणि पणजीचं?" तेव्हा मी फोन कार्ड शोधायला खोलीत गेलो.